आधी ‘खाल्लं’, मग मगर

जुबिदा मावशी: हा बघ कॉफीचा कप. काठोकाठ भरलेला. घोटभरही कमी झालेला नाही.

मिस्ना: अगं मावशी, भरलेला असू दे की! भरलेला आहे म्हणजे बाबांनी हातच लावला नाही असं कुठंय? नुसतं बोट लावलं तरी चालतं ना? तूच सांगत आलीस मला, कुणी खायला-प्यायला पुढं केलं आणि आपल्याला घाई असली, तर नुसता हात लावायचा आणि निघायचं. पण हात न लावता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मावशी: आणि टाकलं तर?

मिस्ना: मावशी, नको ना वदवून घेऊ.

मावशी: का? सकाळपासून तोंडाला लगाम नव्हता, आता काय दातखीळ बसली?

मिस्ना: टाकलं तर नदीत गाठ पडते.

मावशी: कुणाशी?

मिस्ना: तुला माहितीय कुणाशी! आणि तूच म्हणतेस तिचं नाव घेऊ नये.

मावशी: हां. आता आठवलं. सकाळी तर नाव घेऊन घेऊन घसा बसला होता तुझा.

मिस्ना: ते कॉलेजचं काम होतं गं.

मावशी: तिसऱ्या प्रहराची, असरची बांग होऊन किती वेळ झाला. बांगेच्या आत येतो म्हणाला होता तुझा बाप. झिंग्यांचे पिंजरे उचलायचे आणि परत फिरायचं, त्याला असा कितीसा वेळ लागतो? ऊन बघ, ताडांच्या शेंड्याला गेलं.

मिस्ना: इंजिन बंद पडलं असेल. गेल्या आठवड्यात नव्हतं का पडलं? नदीच्या वळणापुढं फोन लागत नाही, म्हणून कळवता येत नाहीये, एवढंच. आणि जुमरिनदादा गेलाय ना बोट घेऊन बघायला. येतील दोघं. येतीलच. मी आईला सांदाकानला फोन करू का?

मावशी: आणि काय सांगशील? तुझ्या नवऱ्याला मी कॉफी पिऊ दिली नाही?

मिस्ना: मी पिऊ दिली नाही असं नाहीये गं ते!

मावशी: मग कसं आहे? सांग. मी इथं चुलीपाशी केळी तळत होते. असमत वर आला, टोपी काढली. मी कप भरला, कठड्यावर ठेवला, म्हटलं, “घे.” तू काय केलंस?

मिस्ना: हात वर केला.

मावशी: कसा? करून दाखव.

मिस्ना: असा.

मावशी: चौकातल्या हवालदारासारखा! माझा आवाज नको, कढईचा नको, बापाचा नको. बापाच्या घरात बापाला गप्प!

मिस्ना: रेकॉर्डिंग चालू होतं, मावशी. मध्ये आवाज आला की सर ते वाक्यच धरत नाहीत. सर कानाला लावून दहा दहा वेळा ऐकतात, कुठला शब्द आधी, कुठला नंतर, कुठं दम घेतला. मागच्या वेळी माझ्या सगळ्या वाक्यांत कोंबडा होता. वर्गात सगळे हसले. मला म्हणून दाखवलं एकानं, मिस्नाच्या गावात क्रियापद कोंबडाच असतं.

मावशी: मग कोंबड्यावरच करायचं होतं. खाल्ला कोंबडा माणसानं. झालं! त्यासाठी तिला घरात कशाला आणायचं?

मिस्ना: अगं, तसं चालत नाही, तेच तर सांगतेय! सर म्हणाले, अशी दोघं घ्या की दोघंही एकमेकांना खाऊ शकतील. कोंबडा माणसाला खातो का? नाही. मग शब्द कसेही उलटेपालटे टाक, ऐकणाऱ्याला कळतंच कुणी कुणाला खाल्लं. मग शब्दांची जागा काय काम करते ते कसं समजणार? म्हणून मग...

मावशी: कुत्रा-मांजर नव्हतं?

मिस्ना: सगळ्या वर्गानं कुत्रा-मांजरच घेतलंय. मला वाटलं, आपल्या नदीचं काहीतरी न्यावं. सर म्हणतील, वा!

मावशी: म्हणतील की. वा म्हणतील. या म्हणावं इकडं बसायला.

मिस्ना: मावशी, तू अशी टोचून बोलू नकोस ना.

मावशी: आणि माणूस म्हणायचं सोडून बाप कुठून आला त्यात?

मिस्ना: त्या कोरियन बाईमुळे. लॉजवर पक्षी बघायला आलीय ना, ती. मी तिला विचारलं, तुमच्यात कसं म्हणतात, तर तिनं हसत हसत वडिलांना घातलं वाक्यात. मग तिन्ही भाषांत तेच नको का? नाहीतर तुलना कशाशी करणार? मलायु भाषेत मी सांगितलं, तिनं कोरियनमध्ये, आणि आपल्या बोलीत तू. तू म्हणेनास. म्हणून मग मी म्हटलं.

मावशी: तू म्हटलंस, आणि तुझा बाप पायऱ्या उतरत होता. बोट सोडायला चालला होता तो. त्यानं ऐकलं असेल.

मिस्ना: नसेल ऐकलं! इंजिन... थांब. मावशी, थांब! रेकॉर्डिंग!

मावशी: काय त्याचं?

मिस्ना: रेकॉर्डिंग चालूच होतं ना! बाबा आले तेव्हा, गेले तेव्हा, सगळा वेळ! त्यांनी कपाला हात लावला असेल तर आवाज आला असेल. कप बशीत ठेवलाय, टक् तर होणारच. ऐकू या. लावला असेल हात तर आपण उगाच घाबरतोय.

मावशी: म्हणजे ती वाक्यं परत वाजवणार? नदीच्या तोंडावर बसून?

मिस्ना: हळू आवाजात.

मावशी: आत चल. दार लाव. आणि फोन उशीखाली धर.

मिस्ना: उशीखाली धरला तर टक् कसं ऐकू येईल!

मावशी: मग पदराखाली धर. वाजव. या अल्लाह, वाजव एकदाचं.

(मिस्ना फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करते.)

फोनमधली मिस्ना: सांग ना मावशी. तीनच शब्द. मगर, बाबा, खाणं. आपल्या बोलीत सांग.

फोनमधली मावशी: असलं मी बोलत नसते.

फोनमधली मिस्ना: अगं खोटंच बोलायचंय.

फोनमधली मावशी: खोटं तर मुळीच नाही. तिच्याबद्दल खोटं बोललेलं ती खरं करते.

मावशी: बघ! सांगितलं होतं मी. आहे का यात माझा आवाज? आहे ना? साक्षीला राहू दे.

मिस्ना: शूऽ!

मावशी: अजून शूऽच करतेय ही पोरगी.

फोनमधली मिस्ना: बरं, हे ऐक, मलायुत आधी मगर, मग खाणं, मग बाबा. मगर खाते बाबा. जागा बदल, बाबा खातो मगर. बघ, दोन शब्द उचलून इकडचे तिकडे ठेवले आणि बाबा वाचले! कोरियन बाईचं तर भारीच आहे. त्यांच्यात बाबा पण येतात, मगर पण येते, दोघं समोरासमोर उभे, आणि काय झालं ते अगदी शेवटी.

फोनमधली मावशी: तोवर ऐकणाऱ्यानं दम कुठं टाकायचा?

फोनमधली मिस्ना: आणि आपलं उलटं. आपल्यात ‘खाल्लं’ आधीच.

फोनमधली मावशी: बरोबरच आहे. वाईट बातमी उंबऱ्यातच सांगावी. पाणी विचारत बसू नये.

मिस्ना: आता येतील बाबा. ऐक. पायऱ्या वाजल्या. ऐकलंस?

मावशी: हां. तिसरी पायरी कुरकुरते, तीच. आला. टोपी ठेवली. आता मी कप...

मिस्ना: ठेवलास. हा बशीचा आवाज. तू “घे” म्हणालीस.

मावशी: आणि ही तू, शूऽ.

मिस्ना: आता कान दे. आता काहीतरी होईल. आता.

मावशी: काही नाही.

मिस्ना: कढई चरचरतेय.

मावशी: पुढं.

मिस्ना: टक्! ऐकलंस? झालं! टक् झालं, मावशी! लावला हात! बघ, म्हणत होते ना मी, माझे बाबा काय असे तसे आहेत का, आयुष्य गेलं नदीवर, ते विसरतील होय...

मावशी: परत वाजव.

मिस्ना: टक्. हे बघ.

मावशी: हा कपाचा आवाज नाही.

मिस्ना: कपाचाच आहे!

मावशी: थांब. कप घेऊन येते. हं, ऐक. मी नखानं वाजवते. हा झाला कप. आता तुझं वाजव.

मिस्ना: ...जरा वेगळं येतंय. फोनमध्ये आवाज बदलतो.

मावशी: कप ठण् वाजतो. तुझं ते कोरडं आहे. पालीसारखं.

मिस्ना: पाल म्हणू नकोस! पाल असली तर माझ्या वाक्यावर चुकचुकली म्हणजे... नको. मला नाही ऐकायचं.

मावशी: तुझ्या हातात काय होतं तेव्हा?

मिस्ना: कागद. आणि पेन.

मावशी: दाबायचं पेन?

मिस्ना: हो.

मावशी: दाब.

मिस्ना: मावशी...

मावशी: दाब म्हणते ना.

मिस्ना: टक्. माझंच आहे ते. माझंच पेन आहे, मावशी. सगळ्यांना गप्प केलं आणि आवाज मीच केला.

मावशी: रडू नकोस. आता रडून नदी आटणार आहे का? पुढं काय आहे?

मिस्ना: पुढं ते वाक्य आहे.

मावशी: कुठलं?

मिस्ना: माझं. आपल्या बोलीतलं. नको ऐकायला.

मावशी: त्याच्यानंतर काही असेल तर? तो पायरीवरून मागं फिरला असेल तर? वाजव. मी हात धरते तुझा.

फोनमधली मिस्ना: तू नाही तर मीच म्हणते. खाल्लं मगरीनं बाबाला. बरोबर आहे का? खाल्लं, मगरीनं, बाबाला.

मिस्ना: बंद करते, बंद करते, बंद करते.

मावशी: राहू दे. ऐक. तिसरी पायरी.

मिस्ना: उतरताना.

मावशी: मागं फिरला नाही. हे इंजिन.

मिस्ना: म्हणजे ऐकलं त्यांनी. इंजिन नंतर चालू झालंय. माझं वाक्य आधी आहे. मावशी, त्यांनी ऐकलं आणि काही न बोलता गेले, कारण मी हात वर केला होता!

मावशी: पूस ते.

मिस्ना: सगळं?

मावशी: सगळं. मूळ, शेंडा, फांद्या.

मिस्ना: पुसते. सोमवारी द्यायचंय, पण मरू दे, मी कुत्रा-मांजरच... पुसलं. बघ. नाही उरलं. आता काय करायचं? पुसल्यानं परत घेतलं जातं का? तोंडातून गेलेलं?

मावशी: मला काय माहीत? माझ्या काळी असं यंत्र नव्हतं. आमचं एकदा बोललेलं वाऱ्यावर जायचं. तुझं तर डबीत भरून ठेवलं होतंस.

मिस्ना: मग कप घेऊन जाते मी. त्यांच्यापर्यंत नेते. आत्ता हात लावला तरी चालेल ना? उशिरा का होईना. लॉजवाल्यांची बोट मागते.

मावशी: वेड लागलंय? पाणी चढलंय, उजेड उतरतोय. एकाला शोधायला गेलेला आधीच पाण्यात आहे.

मिस्ना: मग धक्क्यापर्यंत तरी. मी खालच्या फळीवर उभी राहते कप घेऊन. ते आले की बोटीतून उतरायच्या आधीच हात लावू देत.

मावशी: खालच्या फळीवर नाही! वरच्या. वरच्या फळीवर उभं राहा, आणि पाय आत. ऐकतेस का? मी मागून तुझा कुर्ता धरते.

मिस्ना: धर. घट्ट धर. काय दिसतंय का तुला?

मावशी: ओंडका जातोय.

मिस्ना: ओंडकाच आहे ना?

मावशी: ओंडका आहे. बगळा बसलाय त्याच्यावर.

मिस्ना: बगळे तिच्यावर पण बसतात.

मावशी: मिस्ना, गप्प बस.

मिस्ना: गप्प बसले की जास्त भीती वाटते. मावशी, समोरच्या काठाला बघ. गवत हललं. वारा नाहीये आणि हललं. आणि ते इंजिन ऐकू येतंय का? येतंय. जुमरिनदादाचं आहे. एकच आहे, मावशी. दोन बोटी असत्या तर दोन आवाज आले असते. एकच आवाज आहे.

मावशी: बघू नकोस. माझ्या खांद्यात तोंड घाल.

मिस्ना: एकच आहे.

मावशी: हो. ऐकू येतंय मला. बोलू नकोस.

बाबा: काय बघताय दोघी?

मिस्ना: आईगं!

मावशी: असमत? अरे... अरे, तू मागून कुठून आलास? घराच्या मागून?

मिस्ना: बाबा! बाबा, बाबा, तुम्ही, कप, मावशी, कप सांडला, पण हे तुम्हीच आहात ना? हात बघू. दुसरा. पाय. दोन्ही पाय आहेत. चिखल केवढा हा! चपला कुठंयत?

बाबा: गेल्या.

मावशी: बोट?

बाबा: जुमरिन ओढून आणतोय. पालथी आहे.

मिस्ना: पालथी?

बाबा: आत चला. इथं उभं राहायला नको.

मावशी: चल. बस इथं खिडकीपाशी, जरा मोकळं वाटेल.

बाबा: खिडकीपाशी नको. भिंतीला बसतो.

मिस्ना: बाबा, काय झालं सांगा ना. नको, आधी पाणी प्या. नाही, आधी सांगा.

बाबा: शेवटचा पिंजरा उचलत होतो. दोर जड लागला. वाटलं, ओंडका अडकलाय.

मावशी: आणि?

बाबा: ओंडका नव्हता.

मावशी: या अल्लाह.

बाबा: तिनं ओढलं की मी ओढलं, माहीत नाही. बोट फिरली. एक आडवं झाड होतं पाण्यावर, मुळं हाताला लागली. चढलो. माझ्या पायाखाली होती ती. गेली नाही. मीही गेलो नाही.

मिस्ना: किती वेळ?

बाबा: सावली झाडाच्या या बाजूला होती. उतरलो तेव्हा त्या बाजूला.

मावशी: जुमरिन आला म्हणून गेली?

बाबा: इंजिनच्या आवाजानं गेली. जुमरिननं बोट लावली, म्हणाला, काका, चढा. मला पाय टाकवेना.

मावशी: कुणाला? तुला?

बाबा: त्याच्या बोटीत, ताई. कोरडी बोट, पाण्याच्या हातभर वर. पाय उचलेना. त्याला म्हटलं, तू जा, मी ताडांच्या मळ्यातून चालत येतो. अर्धी वाट ताडफळांच्या ट्रॅक्टरवर आलो, अर्धी पायी.

मावशी: असू दे. असू दे रे. आलास ना.

मिस्ना: बाबा, माझ्यामुळे झालं. मी हात वर केला, तुम्ही कॉफीला हात न लावता गेलात, आणि वरून मी ते वाक्य बोलले, तुम्ही ऐकलंत ना? ऐकलंत. मला माहितीय. मी पुसलं सगळं. मी परत कधी...

बाबा: लावला होता.

मिस्ना: काय?

बाबा: हात. बोट बुडवलं कपात.

मावशी: खोटं. पोरीचं मन राखायला सांगतोस.

बाबा: पोळलं की. हे बघा. चटका बसला तरी हूं केलं नाही.

मिस्ना: पण आवाज नाही आला. आम्ही ऐकलं, बाबा, सगळं ऐकलं, परत परत ऐकलं, काहीच नाही आलं.

बाबा: कसा येईल? तुझं काम चाललं होतं ना. कपाच्या कडेला लागू दिलं नाही. हळूच बुडवलं. तोंडातही घातलं नाही, म्हटलं, चोखल्याचा आवाज व्हायचा.

मावशी: मग हात लावूनही आली ती?

बाबा: आली.

मावशी: म्हणजे हात लावला म्हणून परत आलास.

बाबा: तसं असेल. मला नाही कळत, ताई. खिडकी लाव ना.

मावशी: उकडेल रे. चूल पेटलीय.

बाबा: उकडू दे. लाव.

मिस्ना: मी लावते. दोन्ही लावते. बाबा, तुमचे हात थंड पडलेत. माझ्या हातात द्या. मावशी, चादर दे गं. ती जाडी.

मावशी: हे घे. आणि ही केळी खा, असमत. गार झालीत, पण खा.

बाबा: हात लावला. नंतर खातो. मिस्ना?

मिस्ना: हां बाबा?

बाबा: तू बोलत का नाहीस?

मिस्ना: मी? तुम्हाला त्रास नको म्हणून. एरवी तुम्हीच म्हणता, या पोरीला कुणीतरी झाकण लावा.

बाबा: बोल काहीतरी.

मिस्ना: काय बोलू?

बाबा: ते तुझं. कुठला शब्द आधी, कुठला नंतर. ती कोरियन बाई काय म्हणते?

मिस्ना: नको ना बाबा ते.

बाबा: दुसरं सांग. भाताचं सांग.

मिस्ना: भाताचं? सर म्हणतात भाताचं चालत नाही.

बाबा: मला चालतं.

मिस्ना: बरं. बाबा भात खातात, हे वाक्य. आपल्यात आधी खाणं. खातात बाबा भात. मलायुत आधी बाबा, मग खाणं, मग भात. आणि त्या कोरियन बाईकडं आधी बाबा. मग भात. आणि मग... मग...

मावशी: रडते काय वेडे, सांग की त्याला.

मिस्ना: सांगते. एक मिनिट. नाक पुसते.

बाबा: थांबू नकोस गं. तू थांबलीस की नदी ऐकू येते.